इशारा कारखान्याला, मौन ग्राहकाला

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात बारसे असले की पाहुण्यांच्या हातात दोन वस्तू हमखास दिसत. एक झबले-टोपडे आणि दुसरी म्हणजे पावडर, तेल व साबण असा खोक्यात मांडलेला संच. खोक्यावर गुटगुटीत बाळाचे हसरे चित्र. आजीच्या हातचे मालिश, शेकशेगडी आणि धुरी यांच्या परंपरेत हा पांढरा डबा दोन-तीन पिढ्यांपूर्वी शिरला आणि घरचाच होऊन बसला. त्याच्याविषयी कोणी कधी संशय घेतला नाही. संशय घ्यावा असे त्या डब्यावर काही लिहिलेलेच नव्हते.

जे लिहिलेले नव्हते, त्यावरूनच अमेरिकेत गेली पंधरा वर्षे न्यायालयीन रणकंदन माजले आहे. साठ हजारांहून अधिक दावे, अब्जावधी डॉलरच्या तडजोडी, दिवाळखोरीची नाटके आणि राज्याराज्यांच्या महाधिवक्त्यांची कारवाई हे सारे एका छोट्याशा प्रश्नाभोवती फिरते आहे. धोक्याची शंका उत्पादकाला ठाऊक होती, तर ती वापरणाऱ्या बाईला का सांगितली नाही? ज्या देशात हा डबा लाखो घरांत पोहोचला, त्या आपल्या देशात मात्र हा प्रश्न कोणी धड विचारलाही नाही. म्हणूनच त्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

एका खनिजाची कथा

टाल्कम पावडरचा मुख्य घटक म्हणजे टाल्क, आपल्याकडचे शंखजिरे. हे अत्यंत मऊ खनिज जमिनीतून खणून काढतात. निसर्गात त्याच्या शेजारी पुष्कळदा दुसरे एक खनिज आढळते, ते म्हणजे ॲस्बेस्टॉस. ॲस्बेस्टॉस हे कर्करोगाचे कारण आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत नाही. खाण निवडताना आणि माल तपासताना काटेकोर काळजी घेतली नाही, तर एकाचा अंश दुसऱ्यात मिसळू शकतो, हा या प्रकरणाचा पहिला पदर. दुसरा पदर खुद्द शंखजिऱ्याचा. ही पावडर स्त्रिया अंगाच्या नाजूक भागीही वर्षानुवर्षे वापरीत आल्या. तिचे कण शरीरात शिरून अंडाशयापर्यंत पोहोचतात काय, ही शंका कालपरवाची नाही. १९७१ साली ब्रिटनमधील कार्डिफ येथील संशोधकांना अंडाशयाच्या गाठींत शंखजिऱ्याचे कण आढळले. १९८२ साली अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी पावडरचा असा वापर आणि अंडाशयाचा कर्करोग यांत संबंध दिसत असल्याचे नोंदविले. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा वापराला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या वर्गात टाकले. पुढे २०२४ मध्ये याच संस्थेने शंखजिऱ्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वरच्या वर्गात नेले.

याउलट अडीच लाख स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या २०२० मधील एका मोठ्या अभ्यासात असा निश्चित संबंध सिद्ध झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने आपली पावडर सुरक्षित आहे, तीत ॲस्बेस्टॉस नाही आणि तिने कर्करोग होत नाही, ही भूमिका आजवर सोडलेली नाही. शास्त्रज्ञांचा वाद शास्त्रज्ञ सोडवतील. आमचा प्रश्न वेगळा आहे. वाद चालू आहे, एवढे तरी ग्राहकाला कळावयास नको काय?

या कथेतील सर्वांत बोलका प्रसंग २००६ सालचाच आहे. कर्करोग संस्थेच्या निर्णयानंतर कंपनीला शंखजिरे पुरविणाऱ्या ल्युझनॅक या पुरवठादाराने मालासोबत जाणाऱ्या सुरक्षा-माहितीपत्रकात या संभाव्य धोक्याची नोंद केली. कारखान्यात माल हाताळणाऱ्या कामगारासमोर अशी माहिती ठेवणे कायद्याने आवश्यक होते. म्हणजे इशारा खाणीतून निघाला, मालाबरोबर प्रवास करीत कारखान्याच्या दारापर्यंत आला आणि तेथेच थांबला. माल डब्यात भरला गेला, इशारा फायलीत राहिला. शंखजिऱ्याची गोणी उचलणाऱ्याला जे जाणण्याचा हक्क होता, ते अंगाला पावडर लावणाऱ्या बाईला जाणण्याचा हक्क नव्हता. ग्राहक हा बाजाराचा राजा आहे, असे जागतिकीकरणाचे भाट आपल्याला सांगत आले. या राजाच्या दरबारात बातमी कशी पोहोचते, ते यावरून दिसते.

गप्प बसण्याची किंमत

अमेरिकेत या प्रश्नाला तोंड फोडले ते एका सामान्य महिलेने. अंडाशयाच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या या महिलेने २००९ साली दक्षिण डकोटा राज्यात दावा गुदरला. खटला उभा राहण्यापूर्वी तिच्यापुढे तेरा लाख डॉलरची तडजोड ठेवण्यात आली. अट एकच, वाच्यता करावयाची नाही. तिने ती रक्कम नाकारली. २०१३ साली ज्यूरीने कंपनीने इशारा देण्यात हलगर्जीपणा केल्याचे मान्य केले, परंतु भरपाई म्हणून तिला एक डॉलरही दिला नाही. व्यवहाराच्या भाषेत ती हरली. पण तिने मौन विकले असते तर पुढच्या हजारो स्त्रियांना आपल्या आजाराचा आणि त्या डब्याचा काही संबंध असू शकतो, हे कदाचित कळलेही नसते. सर्व काही पैशांत मोजणाऱ्या समाजात एका स्त्रीने पैशापेक्षा शब्द मोलाचा मानला, हे आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर दाव्यांचा लोंढा आला. २०१८ साली सेंट लुईस येथील ज्यूरीने बावीस महिलांच्या एकत्रित खटल्यात ४६९ कोटी डॉलरची भरपाई सुनावली. अपिलात ती सुमारे २१२ कोटींवर आली आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिल्यावर कंपनीला ती मोजावी लागली. २०१८ च्याच डिसेंबरात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने कंपनीची जुनी कागदपत्रे तपासून शोधवृत्त प्रसिद्ध केले. १९७१ पासून या शतकाच्या आरंभापर्यंत काही तपासण्यांत ॲस्बेस्टॉसचे अल्प अंश आढळल्याचे कंपनीला ठाऊक होते, असे त्यात म्हटले होते. कंपनीने ते नाकारले. २०१९ साली अमेरिकी औषध प्रशासनाला एका डब्यात असा अंश सापडला आणि ३३ हजार डबे परत मागविण्यात आले. कंपनीने स्वतः करविलेल्या फेरतपासण्यांत काही आढळले नसल्याचे सांगितले. तरीही मे २०२० मध्ये अमेरिका व कॅनडातील टाल्कयुक्त बेबी पावडरची विक्री थांबविण्याचा निर्णय तिने जाहीर केला. कारण काय दिले? मागणी घटली आणि अपप्रचार झाला!

तडजोड म्हणजे न्याय नव्हे

डॉलरच्या या आकड्यांनी आपल्याकडील पुष्कळांचे डोळे दिपतात. ‘पाहा, अमेरिकेत कायदा कसा चालतो’ असे कौतुकाने सांगितले जाते. या कौतुकाला थोडा आवर घालावयास हवा. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील ४२ राज्ये आणि राजधानीचा प्रदेश यांच्याशी कंपनीने ७० कोटी डॉलरची तडजोड केली. ॲस्बेस्टॉसच्या संभाव्य अस्तित्वाची माहिती न देता पावडर विकल्याचा राज्यांचा आरोप होता. कंपनीने पैसे देण्याचे आणि टाल्कयुक्त पावडरचा धंदा कायमचा सोडण्याचे मान्य केले, पण चूक मान्य केली नाही. अशा तडजोडींच्या कागदावर हे वाक्य ठरलेलेच असते. पैसे घ्या, पण आम्ही अपराधी नाही! अपराध नाही तर दंड कसला, हा साधा प्रश्न पाश्चात्त्य व्यापारी न्यायशास्त्राला पडत नाही. तेथे पाप-पुण्याचा हिशेब नसतो, जोखमीचा असतो. इशारा छापला तर विक्री किती घटेल आणि न छापल्यास भरपाई किती पडेल, ही दोन गणिते शेजारी शेजारी मांडण्याची सोय ही व्यवस्था उत्पादकाला करून देते.

याहून मोठा चमत्कार दिवाळखोरीचा. शेकडो अब्ज डॉलर मूल्याच्या या कंपनीने २०२१ साली एक नवी उपकंपनी निर्माण केली, टाल्कच्या दाव्यांचे ओझे तिच्या डोक्यावर ठेवले आणि लागलीच तिला दिवाळखोर म्हणून न्यायालयात उभे केले. मालमत्ता एका खिशात, देणी दुसऱ्या खिशात आणि दुसरा खिसा फाटका! हा प्रयोग तीन वेळा झाला आणि तिन्ही वेळा न्यायालयांनी तो हाणून पाडला. शेवटचा नकार मार्च २०२५ मधला. दरम्यान, वादी असलेल्या कित्येक स्त्रिया निकालाची वाट पाहत जग सोडून गेल्या.

तडजोडीचा हा अर्थ आपल्याला नवा नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर युनियन कार्बाइडशी तडजोड झाली, तेव्हाच तो आपल्याला पुरेपूर कळावयास हवा होता. १९८४ च्या त्या रात्री कोणता वायू पसरला आहे आणि त्यावर उपाय कोणता, हे रुग्णांच्या रांगांनी घेरलेल्या डॉक्टरांना कोणी धडपणे सांगितले नव्हते. भरपाई पाच वर्षांनी ठरली. माहिती मात्र त्याच रात्री हवी होती.

आणि आपल्याकडे?

आता आपल्या अंगणात येऊ. रॉयटर्सच्या शोधवृत्तानंतर डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी हिमाचल प्रदेशातील बद्दी आणि मुंबईतील मुलुंड येथील कारखान्यांतून नमुने घेतले. २०१९ च्या आरंभी त्यांत ॲस्बेस्टॉस नसल्याचा निर्वाळा मिळाला व उत्पादन पुन्हा सुरू झाले. येथवर ठीक. पण २०२० साली कंपनीने अमेरिका-कॅनडातून जी वस्तू मागे घेतली, ती भारतात पुढेही विकली जात राहिली. जगभर टाल्क सोडून मक्याच्या पिठाकडे वळण्याचा निर्णय अमलात आला तो २०२३ साली. मधल्या काळात भारतीय मातेने डबा उचलला तेव्हा तिला कोणी सांगितले काय, की बाई, हीच पावडर तिकडे विकावयाची थांबविली आहे, आता निवड तू कर? डब्यावर तसा एक शब्दही नव्हता.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची कथाही उद्बोधक आहे. पुणे व नाशिक येथे घेतलेल्या नमुन्यांत आम्लता-अल्कतेचे प्रमाण बालकांच्या पावडरसाठी ठरविलेल्या मर्यादेबाहेर असल्याचे कारण देऊन प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये मुलुंड कारखान्याचा परवाना रद्द केला. त्यात ॲस्बेस्टॉसचा संबंध नव्हता. नमुना २०१८ चा आणि कारवाई २०२२ ची! जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द ठरविला आणि प्रशासनाच्या दिरंगाईवर बोट ठेवले. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. चार वर्षे फाईल झोपवून ठेवावयाची आणि मग एकदम कुऱ्हाड उगारावयाची, अशा कारभाराने ग्राहकाचे रक्षण होत नाही आणि उद्योगालाही न्याय मिळत नाही.

२०२५ मध्ये ब्रिटनमधील सुमारे तीन हजार लोकांनी लंडनच्या उच्च न्यायालयात या कंपनीविरुद्ध एकत्रित दावा दाखल केला. आपल्याकडे अशी सामुदायिक हाक कोणी दिली नाही. आपल्या लोकांना धोका कमी होता म्हणून नव्हे, तर विचारण्याची सवयच लागलेली नाही म्हणून.

कायद्यातील फट

कायदा नाही असे नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्याचे ८४ वे कलम नीट वाचा. योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसतील, किंवा अयोग्य वा चुकीच्या वापराविषयी इशारा नसेल, तर उत्पादक जबाबदार, असे ते म्हणते. इशाऱ्याचा उल्लेख येतो तो चुकीच्या वापरापुरता! पावडरच्या प्रकरणात चुकीचा वापर कोणी केला? त्या स्त्रियांनी ती जाहिरातीत दाखविली तशीच वापरली. धोक्याची शंका होती ती योग्य वापरातच. अशा वेळी इशारा देण्याचे बंधन या शब्दांत बसवावयाचे कसे, यावर निष्णात वकील वर्षानुवर्षे वाद घालू शकतील आणि तोवर डबे विकले जातील.

दुसरी फट भाषेची. वेष्टनावरील अनिवार्य तपशील हिंदी किंवा इंग्रजीत असले की वैधमापन नियमांचे समाधान होते. मराठी, कानडी, तेलुगू ऐच्छिक. मालाची जाहिरात मात्र अस्खलित मराठीत! विकावयाचे तेव्हा मायबोली आठवते, सावध करावयाचे तेव्हा इंग्रजी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला, शेकडो जणांना विषबाधा झाली. कीटकनाशकांच्या बाटल्यांवर विषाची तीव्रता सांगणारे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण कायद्याने असतात. त्या त्रिकोणांचा अर्थ पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरलेल्या मजुराला कोणी समजावला होता? बारीक टाइपातील घडीचे पत्रक वाचावयास त्याच्याजवळ ना वेळ, ना भिंग. तेथे इशारा होता, पण तो कंपनीचा बचाव करण्यापुरता. माणसाचा बचाव करील असा इशारा त्याच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरांत असतो.

हे आपल्याला जमत नाही असेही नव्हे. तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापण्याची सक्ती आपण २०१६ पासून केली. बलाढ्य उद्योगाचा विरोध असूनही ती टिकली. इच्छाशक्ती असली की जागा निघते.

घरचा आरसा

एक आक्षेप येईल. सगळीकडेच इशारे छापले तर त्यांना अर्थ काय उरणार? आक्षेप अगदीच निराधार नाही. कॅलिफोर्नियात १९८६ साली लोकांनी मतदानाने एक कायदा केला. सुमारे नऊशे रसायनांपैकी काही मालात असेल तर इशारा अनिवार्य, नसल्यास प्रतिदिन अडीच हजार डॉलरपर्यंत दंड आणि तो मागण्याचा अधिकार सामान्य नागरिकालाही. दंडाचा चौथा हिस्सा दावा करणाऱ्याला. परिणामी अनेक उत्पादकांनी घातक घटकच काढून टाकले, हा त्याचा मोठा लाभ. दुसरीकडे, केवळ तडजोडीच्या रकमेसाठी नोटिसा धाडणारे वकीलही निपजले. २०१८ साली एका न्यायाधीशाने कॉफीवरसुद्धा कर्करोगाचा इशारा हवा असा निर्णय दिला आणि २०१९ मध्ये सरकारला कॉफीपुरती सूट द्यावी लागली. हा अतिरेक आपल्याला नको. पण अतिवृष्टीच्या भीतीने कोणी पाऊसच नको म्हणत नाही. आपल्याकडे अद्याप दुष्काळ आहे.

आणखी एक गोष्ट. विदेशी कंपन्यांकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. २०१७ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील आणि भारतातील दुकानांतून कुंकू-सिंदुराचे ११८ नमुने घेतले. अमेरिकेत घेतलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के आणि भारतात घेतलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. शिसे लहान मुलांच्या मेंदूचा शत्रू आहे. हळकुंडे, लिंबाचा रस आणि टाकणखार यांपासून कुंकू करणारा आपला समाज. सौभाग्याचे हे लेणे स्वस्त रंगात मिसळून विकणारा व्यापारी कोणत्या बहुराष्ट्रीय कंपनीचा नोकर आहे? तो आपलाच आहे. स्वदेशीचा अर्थ केवळ स्वदेशी नफा असा होत नाही. ज्याच्या मालाने आपल्याच माय-बहिणींना विष लागते, त्याला स्वदेशीची ढाल मिळता कामा नये. किंबहुना त्याला अधिक कठोर माप लावले पाहिजे.

मग करावयाचे काय? मागण्या तीनच, पण नेमक्या. पहिली, एखाद्या वस्तूवर परदेशात धोक्याचा इशारा छापला जात असेल किंवा ती तेथून मागे घेतली असेल, तर तीच वस्तू भारतात विकताना ती माहिती वेष्टनावर दिलीच पाहिजे. दुसरी, ८४ व्या कलमात सुधारणा करून योग्य वापरातूनही संभवणाऱ्या धोक्याचा इशारा स्पष्ट शब्दांत अनिवार्य करावा. पुरवठादाराने उत्पादकाला दिलेली धोक्याची माहिती दडविणे हाच दोष मानला जावा. तिसरी, इशारा विक्रीच्या राज्याच्या भाषेत आणि जाहिरातीतील दाव्याइतक्याच ठळक अक्षरांत असावा.

या मागण्या दिल्लीत आपोआप मान्य होणार नाहीत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वात नव्हता. तो १९८६ साली आला, त्यामागे सामान्य ग्राहकांनी केलेली जागृती होती. ग्राहक संघटना, महिला मंडळे, वैद्यकीय व्यावसायिक यांनी मनावर घेतले तर ही दुरुस्तीही होईल. तोवर प्रत्येकाने एवढे तरी करावे. दुकानात वस्तू हाती घेतली की किमतीबरोबर तिची मागची बाजू वाचावी आणि न समजल्यास दुकानदाराला व उत्पादकाला विचारावे, पत्र लिहावे, उत्तर मागावे.

तेरा लाख डॉलर नाकारणाऱ्या त्या परक्या देशातील स्त्रीला शेवटी काय मिळाले, असे कोणी विचारील. तिला काही मिळाले नाही. पण एक डबा अखेर बाजारातून उठला. आपल्या घरातील पाळण्याशेजारी उद्या जो डबा येईल, त्यावर काय लिहिलेले असावे, हे ठरविण्याची वेळ आता आपली आहे.